पंचेचाळीसचा खटका

दुसऱ्यांची घरं रिकामी करणं हा माझा धंदा. मालक टेम्पो चालवतो, मी उचलतो. कपाट जिन्यातून तिरकं कसं काढायचं, आरशाला घोंगडी कशी गुंडाळायची, हे मला झोपेतसुद्धा जमतं. शाळेशी माझं कधी जमलं नाही, तेवढं हे जमलं. पण दादाची खोली रिकामी करायची वेळ आली तेव्हा मालक म्हणाला, "तू नको जाऊस. मी दुसरा माणूस लावतो."

मी त्याच्या हातातली टेम्पोची किल्ली हिसकावली आणि म्हणालो, "माझ्या भावाच्या सामानाला परका हात लावणार नाही." मालकाने घोंगड्या टेम्पोत टाकल्या. एरवी त्याने माझा कान धरला असता.

दादाला जाऊन महिनाही झाला नव्हता. भाड्याच्या घराच्या गच्चीवरून तो भर दुपारी खाली पडला. कठडा गुडघ्याएवढा होता. पोलिसांनी अपघात लिहिला. पण लोकांच्या तोंडाला कोण झाकण लावणार? कोरड्या गच्चीवर, उन्हात, धडधाकट माणसाचा पाय घसरतोच कसा, असं ते माझ्या देखत बोलायचे. एकटाच राहायचा, लग्न केलं नाही, दिवसभर ती रडकी गाणी ऐकायचा... पुढचं वाक्य ते गिळायचे. मी एकाची कॉलर धरली होती त्यावरून. उपयोग काय, तेच वाक्य आईच्या डोक्यात शिरलं होतं.

मी निघालो तेव्हा आई दारात उभी होती. म्हणाली, "त्या किंचाळणाऱ्या थाळ्या या घरात आणायच्या नाहीत. भंगारात घाल, नाल्यात फेक."

"बरं."

मी टेम्पोत चढलो तरी ती हलेना. जवळ आली, खिडकीच्या काचेवर बोटं ठेवली आणि अगदी हळू विचारलं, "छोट्या, तो स्वतःहून गेला का रे?"

दादा गेल्यापासून ती जेवत नव्हती. चार घास उष्टे करायची आणि ताट सरकवायची. एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर मिळालं असतं, तर ती जेवली असती. माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं म्हणजे होतं, पण ते मला कुणालाच सांगायचं नव्हतं. ते माझ्या शर्टाच्या खिशात होतं.

हे कळायला तुम्हाला त्या थाळ्यांबद्दल थोडं सांगावं लागेल.

दादा प्रेसमध्ये कागद कापायच्या मशीनवर होता. विशीत असताना त्याला एक भलतंच वेड लागलं. कुठल्या कुठल्या देशांतल्या पोरांनी गॅरेजमध्ये, तळघरात वाजवलेली गाणी. हार्डकोर म्हणायचे त्याला, आणि त्यातल्याच हळव्या जातीला इमो. ती पोरं छोट्या रेकॉर्ड काढायची, बशीएवढ्या, दोन्ही बाजूंना मिळून चार-पाच गाणी. सिंगल म्हणतात त्यांना. आईच्या थाळ्या त्या याच. दादा पाकिटातून पैसे पाठवायचा आणि महिन्यांनी पोस्टमन ते चपटं पार्सल आणायचा. कव्हर म्हणजे झेरॉक्सचा घडी घातलेला कागद. कधी कुणाच्या घराचा फोटो, कधी रिकामी खुर्ची, कधी नुसता हाताने काढलेला झाडाचा सांगाडा. आत कधी कधी चिठ्ठी असायची. वाजवणाऱ्या पोराने स्वतः लिहिलेली.

मी लहान होतो. मला ती सगळी गाणी सारखीच वाटायची. आधी कुजबुज, मग कुणीतरी जीव तोडून ओरडतंय. मी विचारायचो, "दादा, हा रडतोय का?"

"रडत नाही रे. रडू येतंय ते सांगतोय."

"मग एवढ्या मोठ्यांदा कशाला?"

"हळू सांगून कुणी ऐकलं नसेल."

आता यातली खरी गोम. मोठ्या रेकॉर्ड सावकाश फिरतात, मिनिटाला तेहतीस फेरे. हे सिंगल बहुतेक भराभर फिरतात, पंचेचाळीसवर. प्लेअरला त्यासाठी छोटा खटका असतो, इकडे तेहतीस, तिकडे पंचेचाळीस. सिंगल चुकून तेहतीसवर लागला, तर गाणारा पोरगा एकदम म्हाताऱ्या रेड्यासारखा कण्हायला लागतो. हे मला कळलं त्या दिवसापासून माझा उद्योग ठरला. दादा डोळे मिटून ऐकत बसला, की मांजराच्या पावलांनी जायचं, खटका तेहतीसवर ओढायचा आणि मागच्या लोखंडी जिन्याने गच्चीवर पळायचं. मागून दादा ओरडायचा, "छोट्या! पंचेचाळीस, गाढवा!" आणि हसत हसत जिना चढायचा. सापडलो की मला उलटा धरायचा.

पुढे आईला तो आवाज सोसेना म्हणून दादाने वेगळी खोली घेतली. मी रविवारी जायचो. मिशी फुटली तरी मी खटका ओढायचोच, आणि तो मागे धावायचाच.

आणखी एक गोष्ट. या सिंगलांच्या दोन जाती. काहींच्या मध्ये छोटं भोक, नेहमीसारखं. काहींचं मोठं, अंगठा जाईल एवढं. मोठं भोक असलं की प्लेअरच्या खिळ्यावर आधी एक प्लॅस्टिकची चकती बसवावी लागते, नाहीतर रेकॉर्ड डुलते. दादाकडे एकच चकती होती, पिवळी. एकदा हरवली तेव्हा त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. तेव्हापासून त्या दिवसाचं ऐकून झालं, प्लेअर बंद केला, की तो चकती काढून शर्टाच्या खिशात टाकायचा.

दवाखान्यातून त्याच्या वस्तूंची पिशवी मिळाली, त्यात रुमाल होता, पाकीट होतं, आणि पिवळी चकती.

म्हणजे दादाने सगळं आवरलं होतं. प्लेअर बंद केला, चकती खिशात टाकली आणि गच्चीवर गेला. हे फक्त मला कळत होतं. मी ती चकती आईला दिसायच्या आत उचलली आणि तेव्हापासून ती माझ्या खिशात होती, निखाऱ्यासारखी.

दादाची खोली दुसऱ्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर शिलाईवाल्या मावशी राहतात. सख्ख्या नव्हेत, पण दादाची फाटलेली बाही त्यांनीच शिवायची आणि वर दोन शब्द सुनवायचे. खोलीला कुलूप त्यांनीच घातलं होतं. मी किल्ली मागायला गेलो तेव्हा त्या मशीनवर होत्या. मला पाहून त्यांचा पाय थांबला.

"एकटाच आलास?"

"एकटाच पुरतो मी."

"पुरशील रे. तुझा आकारच कपाटाएवढा." त्या हसल्या, पण हसू टिकलं नाही. किल्ली देताना हात सोडेनात. काहीतरी बोलायचं होतं त्यांना. मग म्हणाल्या, "जा... उजेड आहे तोवर आवर."

बाहेर धुकं उतरायला लागलं होतं. असल्या दिवसांत आमच्याकडे पाच वाजताच अंधारून येतं. जिन्यात ओल्या चुन्याचा वास होता. खोलीचं दार उघडलं आणि दुसरा वास आला. जुना कागद, मशीनचं तेल आणि दादाचा शर्ट. मी दारातच बसलो थोडा वेळ. कुणी बघत नव्हतं म्हणून बरं.

खोली होती तशीच होती. खाट, टेबल, भिंतीला लावलेली फळ्यांची खोकी, त्यात ते सिंगल दाटीने उभे. खिडकीजवळ प्लेअर, तिकडे बघायचं मी टाळलं. सगळ्यावर धूळ. दिवा लावला तर लागेना. मेन बंद असेल, आवरून चालू करू, असं म्हणून मी आधी खोकी भरायला घेतली.

भंगारात टाकायचं होतं ना? मग टाकायचं, पटापट, न बघता. पण हात ऐकेना. एकेक कव्हर ओळखीचं निघत होतं. त्या रिकाम्या खुर्चीच्या कव्हरवर मी लहानपणी पेनाने माणूस काढला होता. दादाने तो खोडला नव्हता. झाडाच्या सांगाड्याचं कव्हर घडीवर फाटलं होतं, त्याला प्रेसमधली चिकटपट्टी. एकाच्या आत परदेशी पोराची चिठ्ठी होती. मला तिच्यातलं ओ का ठो कळलं नाही, पण खाली त्याने एक हसरा चेहरा काढला होता. मी एकेकाला हातात घेत होतो आणि ठेवत होतो. अंधार कधी झाला ते कळलं नाही.

मग मी चाचपडत जिन्यातल्या बोर्डापाशी गेलो आणि मेनचा दांडा वर ढकलला.

खोलीतून आवाज आला.

खोल, विहिरीच्या तळातून यावा तसा. हंऽऽऽ... असा एक हुंकार, मग तो लांबत गेला. ओढल्यासारखा, घरंगळल्यासारखा. कुणीतरी फार मोठं, फार दुखणारं, एकेक अक्षर तोंडातून बाहेर ढकलत होतं. जिन्यातून खाली पळावं, तर पाय दाराकडे वळलेले. अशी माझी अक्कल.

आत दिवा लागला होता. प्लेअर फिरत होता. त्यावर रेकॉर्ड होती, आणि सुई रेकॉर्डच्या मधोमध टेकलेली होती. तो आवाज तिथून येत होता. तेहतीसवर लागलेला सिंगल... एवढंच. मी भिंतीला टेकून श्वास सोडला. घाबरून हसायलाही आलं. प्लेअर चालू असतानाच कुणीतरी मेन बंद केला होता, मी तो लावला, झालं.

मी खटका बदलायला दोन पावलं पुढे गेलो. हात अजून पोचला नव्हता.

खट्.

खटका माझ्या डोळ्यांदेखत सरकला. तेहतीसवरून पंचेचाळीसवर. रेड्याचं कण्हणं सर्रकन वर चढलं आणि त्यातून एक कोवळा पोरगा बाहेर आला, जीव तोडून ओरडणारा. ड्रम कोसळले. गाणं धावायला लागलं.

मी हात तसाच पुढे धरून उभा होतो. खोलीत मशीनच्या तेलाचा वास वाढला होता. ताजा. कामावरून आल्यावर दादाच्या हातांना यायचा तसा.

"दादा...?"

गाणं तेवढं ओरडत होतं. आणि खरं सांगतो, मला भीती वाटायला हवी होती, पण माझ्या तोंडून निघालं, "हो रे बाबा... पंचेचाळीस. कळलं." आणि मी लहान पोरासारखा रडलो. गाण्याच्या आवाजात ते खपून गेलं. ती गाणी त्यासाठीच असावीत.

तेवढ्यात जिन्यात धावती पावलं वाजली. शिलाईवाल्या मावशी दारात आल्या, पांढऱ्याफटक. मला बघून त्यांनी चौकट धरली.

"तूच आहेस होय... मला वाटलं... त्या दिवशी असंच कण्हत होतं ते."

"कुठल्या दिवशी?"

"तो गेला त्या दिवशी." त्यांना धाप लागली होती. "गाणं चाललं होतं नेहमीसारखं. मग एकदम असं रेड्यासारखं झालं. आणि हा ओरडला, 'छोट्या! पंचेचाळीस, गाढवा!' हसत होता रे. हसत हसत गच्चीकडे धावला. मी म्हटलं, आले दोघे आपल्या मूळ वळणावर, आता तासभर धिंगाणा. आणि मग खाली..." त्यांनी तोंडावर पदर धरला. "मी वर आले तर दार सताड उघडं आणि ते आपलं कण्हतंच आहे. मला ऐकवेना. बाजाचं मला काय कळतं? मी मेनच ओढला."

"मावशी, हे तुम्ही पोलिसांना का नाही सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला वाटलं, वर तू होतास. तुमचा तो पकडापकडीचा खेळ. त्यात त्याचा तोल गेला असेल, आणि तू घाबरून पळाला असशील. एक पोर गेलं, दुसऱ्याचं नाव कशाला घेऊ?"

"मी त्या दिवशी टेम्पोवर होतो. दुसऱ्या गावात. मालकाला विचारा."

त्यांनी तोंडावरचा पदर काढला. बाहेर धुकं काचेला चिकटलं होतं. गाणं संपलं आणि सुई रिकाम्या रेघेत टकटक करत राहिली.

"मग तो... कुणाच्या मागे धावला?"

"खटका सैल झाला असेल," मी म्हणालो. "जुनी मशीन आहे. आपोआप सरकला, आणि त्याला वाटलं मी आलोय."

"हो. तसंच असेल," मावशी पटकन म्हणाल्या. दोघांनाही तसंच असायला हवं होतं.

त्या गेल्यावर मी रेकॉर्ड उचलली. तिच्या मध्ये छोटं भोक होतं. नेहमीचं. हिला चकती लागतच नाही! मोठ्या भोकाचा सिंगल संपवून दादाने हा लावला होता, आणि लावताना चकती काढून सवयीने खिशात टाकली होती. त्याने काहीही आवरलं नव्हतं. तो ऐकत बसला होता. गाण्याच्या मधूनच उठला होता तो. सुई टेकवलेली सोडून जाणारा माणूस मरायला जात नाही, तो आत्ता येणार असतो. टेबलावर पुढचा सिंगल कव्हरातून अर्धा काढून ठेवलेला होता.

माझ्या छातीवरचं कपाट कुणीतरी उचललं, असं वाटलं. खिशातली चकती गार झाली.

सगळी खोकी मी घोंगड्यांत गुंडाळून घरी आणली. आई दार अडवून उभी. मी तिला तिथेच सगळं सांगितलं. ती चकती तिच्या हातावर ठेवली. मावशींनी ऐकलेलं दादाचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, गाढवासकट.

"हसत होता?" आईने विचारलं.

"हसत होता."

"नक्की?"

"मावशींना विचार."

ती खूप वेळ चकती बोटांत फिरवत राहिली. मग बाजूला झाली आणि म्हणाली, "आण आत. पायरीवर आपटू नकोस." त्या रात्री ती जेवली. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मी तिच्याकडे न बघता बघत होतो.

प्लेअर आम्ही मागच्या खोलीत मांडला, लोखंडी जिन्याच्या दाराजवळ, पूर्वी होता तिथेच. मी कामावरून आलो की एक सिंगल लावतो. मुद्दाम तेहतीसवर. तो कण्हायला लागतो, मी हात बांधून उभा राहतो. आणि मग... खट्. पंचेचाळीस. तेलाचा वास येतो.

आईला मी पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ती खुर्चीत बसली ती उठेचना. पण माणसाला कशाचीही सवय होते. आता ती कांदा चिरता चिरता स्वयंपाकघरातून विचारते, "आला का?" मी म्हणतो, "आला." आणि ती म्हणते, "त्याला सांग, आवाज कमी." आमचं घर पुन्हा घर झालं. यापेक्षा जास्त मला काही नको होतं.

परवाचीच गोष्ट.

दिवेलागणीची वेळ. मी दमून आलो होतो, खोड्या काढायचं मनात नव्हतं. रिकाम्या खुर्चीचं कव्हर काढलं, पिवळी चकती बसवली, सिंगल पंचेचाळीसवर नीट लावला आणि दादासारखे डोळे मिटून बसलो. पोरगा कुजबुजत होता. छान वाटत होतं.

खट्.

कुजबुज खाली घसरली. लांबली. रेडा कण्हायला लागला.

मी डोळे उघडले. खटका तेहतीसवर होता.

स्वयंपाकघरातून आई हसली. "काय रे, आज उलटं?"

मी काही बोलणार, तोच जिन्याचं दार करकरलं. आणि लोखंडी पायऱ्यांवर पावलं वाजली, वर जाणारी. हलकी, अनवाणी, लहान पोराची. अर्ध्यावर कुणीतरी फिदीफिदी हसलं. ते हसू मी ओळखलं. ते माझं होतं. मी सात-आठ वर्षांचा असतानाचं.

आणि माझे पाय उठले. मला विचारूही नका का. मला हसू फुटत होतं. इतकं मजेचं वाटत होतं ते... तोंडात शब्द तयार होते, छोट्या, गाढवा... हात जिन्याच्या कठड्यावर होता, एक पाय पहिल्या पायरीवर. वर गच्चीचं दार सताड उघडं होतं आणि त्यात नुसतं धुकं.

खट्.

पाठीमागे गाणं सर्रकन वर चढलं आणि पोरगा ओरडला. असा ओरडला, जशी माझ्या कानाखाली कुणी वाजवावी. मी जागा झाल्यासारखा मागे सरलो. दादा त्या दिवशी कुणाच्या मागे धावला, ते मला तेव्हा कळलं. तेलाचा वास एवढा दाट होता की ठसका लागला. मी दार लोटलं, कडी घातली, कपाट सरकवून दाराला लावलं. एकट्याने. सांगितलं ना, तेवढं मला जमतं.

आई पदराला हात पुसत आली. "काय झालं रे?"

"काही नाही. वारा होता."

तिला मी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. दादा हसत गेला, एवढं तिला पुरे आहे, आणि ते खरंच आहे. कपाट अजून दाराला लावलेलं आहे. दादा आहे, तोवर मला घोर नाही. मी शांत झोपतो.

फक्त एक आहे. सकाळी उठून बघतो, तर खटका तेहतीसवर नसतो आणि पंचेचाळीसवरही नसतो. बरोबर मध्ये उभा असतो. तिथे तो राहत नाही हो. मी स्वतः ठेवून पाहिला, बोट काढलं की इकडे नाहीतर तिकडे पडतो. पण सकाळी असतो मध्येच, थरथरत. दोन बाजूंनी दोन बोटांनी दाबून धरल्यासारखा.